धुतलेल्या पट्ट्या

आगाशी, ८ जुलै २०२५

विनिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपाला एकच टिक लागते. विघ्नेशला लावावा तर "पप्पा, ड्युटीवर आहे", रविवारी सकाळी आठ वाजताही ड्युटीवरच. माझाच मुलगा तो, त्याचं खोटं मला हॅलोमध्येच ऐकू येतं. म्हणून टपाल. टपाल ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही.

कामाचं बोलतो. शुक्रवारी नाशिकहून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड, प्रश्न नेमके. त्यांच्या संस्थेत ब्युटीचा कोर्स शिकवायला तुला घ्यायचं चाललंय म्हणे. "आगाशीच्या पार्लरचा परवाना तुमच्या नावावर होता. सूनबाईंचं पार्लर बंद का झालं, एवढं सांगा. आमच्याकडे मुली शिकायला येतात. स्वच्छतेची काही बाब असेल तर आम्हाला कळायला हवी." मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, मागाहून सांगतो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे तुझी नोकरी सध्या माझ्या जिभेवर आहे. फुशारकी म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितोय.

आता दुसरी गोष्ट. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, हे तूच मला पटवून दे. त्याच आठवड्यात तीन पार्लरवाल्यांनी माझ्या वॅक्सचे डबे परत केले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. कारण कोणी सांगेना. "काका, सध्या नको," एवढंच. मग मी काय केलं असेल, तुला ठाऊक आहे. गास गावात मटिल्डाच्या पार्लरबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. बायकांचं पार्लर, पुरुषाने माल ठेवायचा आणि पडद्याबाहेर थांबायचं. त्या पडद्याने मला धंदा शिकवला. आत कोणी मुलगी सांगत होती, "अंडरआर्म नको करूस गं. मागच्या वेळी काखेत इतक्या पुळ्या आल्या, हात अंगाला टेकवता येईना." मटिल्डा म्हणाली, "हळू बोल, राऊतकाका बाहेर बसलेत." मग कुजबुज. कुजबुज मला जास्त स्पष्ट ऐकू येते. मुलगी म्हणाली, "त्यांच्या सुनेच्या पार्लरमध्ये पण हेच झालं होतं ना?"

दोन वर्षांनी तुझं नाव कुठून निघालं? नाशिकची चौकशी, माझे डबे परत, आणि पडद्यामागे तू. तीन गोष्टी एका आठवड्यात.

एमिलीचं लग्न मी विसरलेलो नाही. ग्लोरियाची मुलगी, बिनबाह्यांचा पांढरा गाऊन, लग्नाच्या तीन दिवस आधी तुझ्याकडे वॅक्सिंग. लग्नाच्या सकाळी काखेत लिंबाएवढं गळू आणि अंगात ताप. डॉक्टरने चिरा देऊन पू काढला, आणि पोरगी चर्चमध्ये आईची शाल पांघरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ग्लोरिया चार बायका घेऊन पार्लरवर आली. तेव्हा मी चार शब्द बोललो. घरातल्या कर्त्या माणसाला बोलावं लागतं. बोर्ड मी उतरवला, हेही खरं.

तर सरळ विचारतो. माझ्या मालाबद्दल तू इकडे कोणाला काही बोललीस का? खरं ते लिही. मग नाशिकच्या बाईंना काय सांगायचं ते मी ठरवतो.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. मी लिहितोय हे त्यांना माहीत नाही.

सदानंद राऊत


वालीव, २१ जुलै

विनिता,

कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड धाडलंस, म्हणजे पोस्टमनने वाचलं, नाक्यावरच्या वाण्याने वाचलं, मग मी वाचलं. "मी कोणाला काही बोलले नाही. तेव्हाही नाही." सात शब्द. पहिले पाच कळले. शेवटच्या दोनांनी मला चार दिवस धड जेवू दिलं नाही. तेव्हा काय बोलायचं राहिलं होतं तुझं? असं अर्धवट बोलून माणसाला टांगून ठेवायचं, हे तू कुठे शिकलीस?

बरं, तू नाहीस असं घटकाभर धरू. मग उरला प्रल्हाद. आठवत असेल तुला, माझ्याकडे सात वर्षं साखरेचा पाक ढवळायचा, आणि एक दिवस माझ्याच गाळ्यापासून दोन गाळे सोडून स्वतःची कढई मांडली. माझी बदनामी करून फायदा कोणाचा? त्याचाच. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाळ्याच्या मागच्या भिंतीपाशी उभा राहिलो. आतून आवाज आला.

"सदाभाऊ, पत्रा तापलाय, कान भाजेल. आत या, खुर्चीवर बसून ऐका."

"तुझ्याकडे चहा चांगला मिळतो असं ऐकलं होतं."

"तुम्ही काय ऐकलेलं नाही, ते विचारायला हवं."

मी आत गेलो. "माझ्या मालाने पुळ्या येतात, ही आवई कोणी उठवली?"

"तुमच्या?" तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. कोपऱ्यात बोट दाखवलं. त्याचेही डबे परत आलेले, सोळा. "विरारच्या दोघींनी तर मला फोटो पाठवलेत. बायकांच्या काखांचे फोटो, माझ्या मोबाईलवर! बायकोने बघितले. आठ दिवस झाले, घरात मीठसुद्धा मला मुलीमार्फत मागावं लागतं."

मी त्याचा एक डबा उघडला. वास घेतला, बोटावर ताणून बघितलं. पाक जरा पुढे गेलेला, लिंबू कमी, पण माल स्वच्छ. साखरेचा पाक ज्या आचेवर उकळतो तिथे जंतू तग धरत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मग दोघांचे डबे परत का? मी म्हटलं, हल्लीच्या मुली ते स्प्रे मारतात काखेत, त्याने होत असेल. पार्लरवाल्या हात धूत नसतील. तो हो-हो म्हणत होता, पण बघत होता माझ्याकडे.

मी पायरी उतरायला लागलो तेव्हा मागून म्हणाला, "सगळ्यांच्या पट्ट्या अजून तुमच्याकडेच धुतात ना, सदाभाऊ?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पट्ट्यांचं तुला काय सांगायचं, तरी लिहितो, कारण तो मुद्दा इथेच मिटवू. वालीवच्या कपड्यांच्या कारखान्यांतून जीन्सचे तुकडे उरतात. ते कापून मी वॅक्सच्या पट्ट्या केल्या. वापरलेल्या द्या, धुतलेल्या न्या. एवढ्या पार्लरांत कोणाला सुचलं नव्हतं, मला सुचलं. कापड वाया नाही, कचरा नाही. सोडा घातलेल्या पाण्यातून निघतात त्या. प्रल्हादला दुसरं काही सापडलं नाही म्हणून त्याने पट्ट्या धरल्या.

त्याच्यावर माझा डोळा आहे. तुझ्यावरचा काढलेला नाही.

सदानंद राऊत


आगाशी, ३ ऑगस्ट

विनिता,

तुम्ही दोघी सासू-सुना एकमेकींशी बोलता. नाही म्हणू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी जयवंती न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाखाली फोनवर बोलत होती. तिला वाटतं नळाने आवाज झाकतो. चौतीस वर्षं झाली लग्नाला. मी दाराशी उभा राहिलो. म्हटलं, आज कळेल काय कट शिजतोय ते. तर ती म्हणत होती, "काखेत गाठ आलीय गं. दुखते फार. ह्यांना नको सांगू, ते घाबरतात."

कट वगैरे सगळं तिथेच सांडलं. माझी थोरली बहीण अशाच गाठीने गेली. तिनेही आधी हेच म्हटलं होतं, ह्यांना नको सांगू. जयवंती बाहेर आली तेव्हा मी दारातच होतो. ती दचकली. "ऐकलंत?" म्हणाली. मी म्हटलं, चप्पल घाल.

वसईला डॉक्टर रिटांकडे गेलो, त्या कातडीच्या डॉक्टर. त्यांनी ब्लाऊजची बाही वर करून बघितलं आणि आधी हिच्यावरच डाफरल्या. "हा चुना कोणी लावला?"

"गूळ-चुना. माझ्या सासूबाई काखमांजरीला लावायच्या," ही म्हणाली.

"वरची कातडी भाजलीत तुम्ही. आता दोन दुखण्यांना औषध द्यावं लागेल." मग माझ्याकडे वळल्या. माझा चेहरा बघून आवाज उतरवला असावा. "काका, तुम्हाला वाटतेय ती ही गाठ नाही. केस ज्या बारक्या नळीतून उगवतो, तिच्यात जंतू शिरलेत. वरवर राहिलं की पुळ्या, खोल गेलं की हे गळू. वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून ओढला जातो, नळीचं तोंड उघडं पडतं. त्या वेळी तिथे जे लागेल ते आत जातं. वर घाम, घट्ट ब्लाऊज."

मी विचारलं, बरं होईल ना? म्हणाल्या, होईल, शहाण्यासारखं वागलात तर. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दिवसातून तीन-चारदा शेकायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही. गोळ्या लिहून दिल्यात त्या पुऱ्या करायच्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. पूर्ण भरून येईपर्यंत वॅक्स नाही, रेझर नाही, स्प्रे नाही. सैल सुती कपडे, टॉवेल वेगळा. ताप आला किंवा लाली पसरायला लागली तर त्याच दिवशी यायचं. आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठी आल्या तर ते वेगळं दुखणं असतं, घरी बसून राहायचं नाही. हे सगळं मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

लिहीत होतो तेवढ्यात त्यांनी हिला विचारलं, "वॅक्स कुठे केलंत?"

"मटिल्डाकडे. भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं."

"पट्टी नवी होती की धुतलेली?"

ही माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "धुतलेली. सोड्यात धुतलेली."

"कोणाकोणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चाळीस पार्लरांच्या पट्ट्या एका पिंपात पडतात. कोणाची कोणाला जाते, देव जाणे.

रिक्षात माझ्या मनात आलं, ही डॉक्टरीण कागदी पट्ट्यांच्या एखाद्या कंपनीची माणूस तर नसेल? जयवंतीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, कधीतरी आपल्यावरही संशय घ्या की."

सदानंद


आगाशी, १२ ऑगस्ट

विनिता,

हसायचं असेल तर हसून घे. परवानगी आहे.

मी काही कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पाकाची तार मी आजही स्वतःच्या बोटावर बघतो. म्हणून गेल्या मंगळवारी दुपारी, मटिल्डाने पार्लर बंद करायच्या वेळी, मी तिला म्हटलं, माझ्या दोन्ही काखांचं वॅक्सिंग कर. तिला वाटलं मला ऊन लागलं. मी सगळं समजावलं. डबा एकच, कालच काढलेला. वॅक्स लावायची काडी प्रत्येक वेळी नवी. हात साबणाने धुवायचे. डाव्या काखेला कोऱ्या कापडाची पट्टी, उजव्या काखेला माझ्या गाळ्यात धुतलेली. बाकी काही बदलायचं नाही.

"राऊतकाका, घरी विचारलंत?"

"तू लाव."

"वीस वर्षं बायकांना विकलंत, आज चव बघा," म्हणाली आणि ओढली. मी जो ओरडलो तो तिच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेला. तिथून एकजण विचारायला आला, कोणी पडलं का. मटिल्डा भिंतीला धरून हसत होती. दुसरी काख करायला मी तयार नव्हतो, पण तिने हात सोडला नाही. "प्रयोग अर्धा ठेवायचा नसतो, काका."

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे लाली. ती येतेच म्हणे. मी मनातल्या मनात डॉक्टर रिटांना ऐकवायची वाक्यं जुळवायला घेतली. तिसऱ्या दिवशी डावी काख शांत. उजवीत खाज. चौथ्या दिवशी जयवंतीने उजेडात हात वर करायला लावला आणि मोजल्या. डावीत एक नाही. उजवीत सात पुळ्या, पिवळ्या तोंडाच्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध एकेक केसाची जागा. एक त्यातली आत उतरली. आता कळलं तुम्ही बायका हे काय सोसता. रात्री कुशीवर वळता येत नाही, सदऱ्याची शिवण सुरीसारखी लागते.

डॉक्टर रिटांकडे पुळी आणि पट्ट्यांचं बंडल दोन्ही घेऊन गेलो. "काका, याला प्रयोग म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात. एका माणसाच्या दोन काखांवरून काही ठरत नाही." तरी पू आणि पट्ट्या दोन्ही तपासायला पाठवल्या. रिपोर्ट आज आला. पट्ट्यांवर जे जंतू, तेच पुवात. ते बंडल नव्यासारखं करकरीत बांधलेलं होतं, विनिता. वरून बघून मीही म्हटलं असतं, स्वच्छ आहे.

दुपारी गाळ्यावरचं पिंप पालथं केलं. वाळवायच्या दोऱ्या काढल्या. सगळ्या पार्लरांना स्वतः फोन केले, पट्ट्या फेकून द्या, एकदा वापरायची ती पट्टी आणा, काडी डब्यात पुन्हा बुडवू नका, पुळी असेल तर वॅक्स करूच नका. कोणी विचारलं, का? मी म्हटलं, माझ्या पट्ट्या घाण होत्या. गणपती तोंडावर आलेत, सगळ्यांच्या कामाची घाई, काही जणी रागावल्या. एकीने फोन आपटला.

मटिल्डाने विचारलं, "मग विनिताच्या वेळी पण पट्ट्याच असतील का हो, काका?"

मी म्हटलं, बघतो.

सदानंद


आगाशी, १९ ऑगस्ट

विनिता,

मागच्या पत्रात "बघतो" लिहिलं. बघण्यासारखं काही नव्हतं. ते मला तेव्हापासून माहीत आहे.

एमिली यायची होती त्या सकाळी मी तुला बंडल आणून दिलं. परतीचा पाऊस आठ दिवस लागून राहिला होता, दोरीवर काही वाळत नव्हतं. तू बंडल हातात घेतलंस आणि म्हणालीस, "पप्पा, ओल्या आहेत. वासही येतोय." मी म्हटलं, इस्त्री फिरव. तू म्हणालीस, "माझ्या कागदी पट्ट्यांचा खोका होता, तो कुठे गेला?" तो खोका मी आदल्या दिवशी उचलून गाळ्यावर नेला होता. राऊतांच्या सुनेच्या पार्लरमध्ये राऊतांच्या पट्ट्या नाहीत, हे चाळीस पार्लरवाल्यांना कळलं असतं तर काय राहिलं असतं माझं? हे तुला सांगितलं नाही. तू अर्धा तास इस्त्री फिरवत होतीस. बाहेरून मला इस्त्रीची वाफ ऐकू येत होती, ओलं कापड चर्र करतं तशी.

आणि सोड्याचं पाणी उकळत नव्हतं. हात घालता येईल एवढंच गरम असायचं. वॅक्स सुटायला तेवढं पुरतं.

चार दिवसांनी ग्लोरिया आली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलली असतीस, पट्ट्या ह्यांच्या आहेत, तर माझा धंदा त्या दिवशी उठला असता. तू बोलली नाहीस. मी बोललो. "माझ्या घरात असली घाण चालणार नाही," असं मी चार बायकांसमोर बोललो, आणि स्टूल घेऊन बोर्ड उतरवायला चढलो. तुझ्या कार्डावरचे शेवटचे दोन शब्द मला पहिल्या वाचनातच कळले होते. चार दिवस जेवलो नाही ते म्हणूनच.

काल नाशिकच्या बाईंना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. रिपोर्टही पाठवतो म्हटलं. मला वाटलं होतं, झालं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची भावना कळते. पण पहिल्यांदा तुम्ही टाळलंत, आता दीड महिन्याने सगळं अंगावर घेताय. सासरे सुनेसाठी बोलणारच. रिपोर्ट आताच्या पट्ट्यांचा आहे, दोन वर्षांपूर्वीचा नाही. आणि इंटरनेटवर त्या पार्लरबद्दल एक तक्रार अजून आहे, ग्लोरिया नावाच्या बाईंची. त्यांनी काही सांगितलं तर आम्ही विचार करू."

जन्मभर मी लोकांचं बोलणं खरं की खोटं ते आवाजावरून ओळखत आलो. काल त्या बाईंनी माझा आवाज ऐकला आणि मी खोटं बोलतोय असं ठरवलं.

मुदत एकतीसपर्यंत आहे. रविवारी गासला ग्लोरियाकडे जातो.

सदानंद


आगाशी, २४ ऑगस्ट, रविवार

विनिता,

घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसलो.

ग्लोरिया चर्चमधली मिस्सा आटोपून नुकतीच आली होती, ओट्यावर बसून भाजी निवडत होती. मला बघून तिने सुरी खाली ठेवली नाही.

"सदानंदभाऊ, इकडे कसं येनं केलं? माझ्या दारात तुमचं काय काम?"

"एमिलीच्या गळवाचं सांगायचं होतं."

"दोन वर्षांनी?"

मी सांगायला सुरुवात केली. ओल्या पट्ट्यांपर्यंत आलो तर तिने हात वर केला. "थांबा. मला एकटीला नका सांगू. मी त्या दिवशी एकटी नव्हती आली." आणि कुंपणावरून हाका मारल्या. त्याच चार जणी आल्या. दोघींच्या अंगावर अजून चर्चच्या साड्या होत्या. एमिली माहेरी आली आहे, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. ती दारात उभी राहिली.

मग पहिल्यापासून सांगितलं. पिंप, दोऱ्या, पाणी, कागदी पट्ट्यांचा खोका, इस्त्री. मध्ये कोणी बोललं नाही. बोलणाऱ्या बायकांच्या गप्प बसण्याची मला सवय नाही. माझं मलाच ऐकू येत होतं.

एमिलीने विचारलं, "पट्ट्या ओल्या आहेत हे विनिताताईंना माहीत होतं?"

"होतं. तिनेच मला सांगितलं."

"मग त्यांनी मला लावल्या का? माझं लग्न होतं, त्यांनी नको म्हणायचं होतं. मी परत गेले असते."

तुझ्या बाजूने बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. ती पोर खोटं बोलत नव्हती. त्याचं उत्तर तुझ्यापाशी असेल, माझ्यापाशी नाही. मी एवढंच म्हटलं, "माझ्या घरात तिचं नको चालत नव्हतं."

ग्लोरिया म्हणाली, "मी त्या पोरीला दोन वर्षं शिव्या घातल्या. देवळात जाताना घातल्या, येताना घातल्या. आनि तुम्ही बाजारात मला भेटायचात, कसं काय विचारायचात."

"हो."

"कान तर म्हनं तुमचे लई तिखट."

"हो."

"काय पाहिजे तुम्हाला आता? माफी मागायला आलात, की काम आहे?"

मी म्हटलं, दोन्ही, पण काम आधी. नाशिकचं सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यातही काही डाव करतोय. मी तिच्या जागी असतो तर तसंच बघितलं असतं. मग एमिलीला म्हणाली, "लाव गं फोन," आणि स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला.

"मी ग्लोरिया. ते इंटरनेटवर वाईट लिहिलंय ना, ते माझंच." नाशिकच्या बाई काही म्हणायला लागल्या, तर ग्लोरियाने बोलू दिलं नाही. "हे बघा, सासरा सुनेची बाजू घेईल. मी कशाला घेऊ? माझ्या पोरीचा गाऊन अजून पेटीत आहे, मला बघवत नाही त्याच्याकडे. मीच सांगते ना, त्या पोरीची चूक एवढीच की तिने सासऱ्याचं ऐकलं. तिला शिकवायला ठेवा. ती मुलींना नको कसं म्हनायचं ते तरी शिकवील."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही हे लिहून पाठवाल?"

"माझी पोर आताच टाइप करते. ते जुनं पन काढते. एक तारखेला तिला बोलवा म्हनजे झालं."

बाई म्हणाल्या, बोलावतो. तुला त्यांचं पत्र दोन दिवसांत येईल. मी पुन्हा विचारून घेतलं, "नक्की ना?" तर ग्लोरियाने फोन बंद केला.

मग तिने तुझा नंबर मागितला. मी दिला, आणि म्हटलं, माझ्या ओळखीने लावू नका, उचलणार नाही. "मी माझ्या ओळखीने लावीन," म्हणाली, आणि फोन घेऊन केळीच्या पलीकडे गेली. तू उचललास, एवढं तिच्या पाठीवरून कळलं. काय बोललात तुम्ही दोघी? मी कान दिला होता, खोटं कशाला लिहू, पण वारा उलटा होता. बायका आपापल्या घरी गेल्या. एमिलीने बाळ माझ्याजवळ दिलं नाही, पण पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

बऱ्याच वेळाने ग्लोरिया परत आली, नाक पुसत. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"तुमच्याबद्दल काही नाही म्हनाली." तिने भाजीची टोपली उचलली. "उठा आता. हात धुवा. जेवून जा."

सदानंद